घडी मोडून कापलेला ब्लाउज

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारचा चहा घेऊन वरच्या खोलीत गेले, तर सुनेच्या कॉम्प्युटरवर एक बाई उभी. अंगावर सूत नाही, डोक्यावर केस नाहीत, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. कपातला चहा बशीत सांडला. मी आधी काय केलं असेल तर दार लोटून घेतलं. खाली ह्यांचे दोन मित्र तंबाखूच्या दराचं बोलत बसले होते. कुणी जिना चढून आलं तर काय सांगायचं?

"अगं, हे काय?"

"आई, तिला कपडेच घालायला बसलोय की," सून हसून म्हणाली. आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी बसलो' असंच बोलतात. तिचं माहेर चिकोडीकडचं, तिच्या तोंडात तर ते पक्कं.

नंतर माझं मलाच हसू आलं. लहानपणापासून बस्तीत जाणारी मी. दिगंबर मूर्तीसमोर हात जोडून उभी राहताना कधी काही वाटलं नाही, आणि पडद्यावरच्या त्या मातीच्या रंगाच्या बाईला बघून दार लावलं! पण मूर्तीला कपड्याची गरज नाही. हिला मात्र ती होती, आणि ते काम माझ्या सुनेकडं होतं.

मी निपाणीत 1989 पासून ब्लाउज शिवते. माहेर बेळगावातल्या शहापूरचं. तिथं पहाटे जाग यायची ती मागाच्या खटखटाटानं. शिवण मी तिथल्याच एका बाईंकडं शिकले. त्यांनी पहिल्या दिवशी कैची दिली नाही, आठवडाभर नुसतं माप घ्यायला लावलं. छाती, कंबर, मुंढा, खांदा, बाहीचा घेर, पुढची उंची, मागची उंची. "माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं," त्या म्हणायच्या. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माया सोडायची. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. बाई वर्षभरात भरली, बाळंत झाली, तर उसवून सैल करता यावं म्हणून. माया न सोडता कापलेला ब्लाउज एकदाच अंगाला येतो.

तर अशी मी, आणि माझ्या घरात ही सून. बंगळूरच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून काम करायची. खेळातल्या, जाहिरातीतल्या, कपड्यांच्या दुकानाच्या ॲपमधल्या माणसांना कपडे घालायचं काम. ती माणसं नाहीतच कुठं, पण त्यांचा कपडा मात्र अंगाबरोबर बसला पाहिजे. पुण्याच्या नोडिंग हेड्स कंपनीनं 2020 साली 'राजी' नावाचा खेळ काढला. नातू तो खेळायचा. त्यातली ती मुलगी उड्या मारते, भिंती चढते. मी कधी विचारच केला नव्हता, की तिच्या अंगावरचा कपडा कुणीतरी बसून बेतला असेल.

सुनेनं मला हळूहळू सगळं दाखवलं. मेकह्यूमन म्हणून एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात माणूस तयारच असतो. बाजूला पट्ट्या असतात, त्या सरकवल्या की तो म्हातारा होतो, जाड होतो, बुटका होतो. मग तो माणूस ब्लेंडर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा आणि त्याच्या अंगावर कपडा चढवायचा. तेही फुकट. ते मूळचं एका कंपनीचं होतं. कंपनी बसली तेव्हा 2002 साली जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी मोकळं केलं. आपल्याकडं बस्तीच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढतात, तशातलाच प्रकार.

पडद्यावरचं अंग म्हणजे हजारो टिंबांची जाळी. कपडा म्हणजे त्या जाळीवर बसवलेली दुसरी जाळी. कपड्याच्या प्रत्येक टिंबाला अंगावरची जवळची तीन टिंबं नेमून दिलेली असतात आणि त्यांच्यापासून किती अंतरावर राहायचं तेही ठरलेलं असतं. म्हणून अंग जाड केलं की कपडा आपोआप जाड होतो. मी म्हटलं, "म्हणजे माया सोडायलाच नको!" ती म्हणाली, "सोडावी लागते की. कपडा अंगाला अगदी चिकटवला तर हात हलवल्यावर कातडी कपड्यातनं बाहेर येते." तिनं दाखवलं. बाई वाकली आणि दंडाचं मांस बाहीतून फोडासारखं वर आलं. ते टाळायला कपडा अंगापासून थोडा उचलून ठेवतात, आणि कपड्याखालचं अंग तर दिसेनासंच करतात. वरून साडी-ब्लाउज, आत काही नाही. नुसती पोकळी.

एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली. ती अर्धाच ब्लाउज करायची. उजवी बाजू केली की डावी आपोआप तयार व्हायची, आरशात बघितल्यासारखी. आम्ही तरी दुसरं काय करतो? कापड दुहेरी घडी घालून पाटावर पसरतो, एकाच बाजूवर खडूनं आखतो आणि कैची चालवतो. एकदा कापलं की दोन्ही बाजू. इतक्या वर्षांत मी किती हजार ब्लाउज कापले असतील, सगळे घडीवर.

आता अक्काचं सांगते. तिला विचारून लिहिते आहे.

अक्का माझी थोरली बहीण, बेळगावातच दिलेली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिला डाव्या बाजूला गाठ लागली. ऑपरेशन झालं, पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. पुढची औषधं झाली, केस गेले, परत आले. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी दाखवत जा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला.

मग माझं काम सुरू झालं. बहीण ब्लाउज शिवणारी, तर अक्काला कसली चिंता! मी तिच्या जुन्या मापावर ब्लाउज कापले, डाव्या कटोरीत कापूस भरला. एक झाला, दोन झाले, दोन वर्षांत सात झाले. कापूस हलका, हात वर केला की तो गळ्याकडं सरकायचा. धुतला की गोळा व्हायचा. दर वेळी मी म्हणायचे, "अक्का, एकदा घालून दाखव, टाचणी लावून बघते." ती म्हणायची, "असू दे, बरा झालाय." आणि ब्लाउज कपाटात जायचा. ती घरात सैल गाऊन घालून वर टॉवेल घ्यायची. लग्नाकार्याला 'पाय दुखतात' म्हणायची. त्याहून वाईट म्हणजे बस्तीत जायची बंद झाली. लहानपणी किल्ल्यातल्या कमल बस्तीत मला बोटाला धरून नेणारी ती. मंडपाच्या छतातलं दगडी कमळ बघायला आम्ही दोघी मान वर करून फिरायचो आणि एकमेकींवर आदळायचो. तीच अक्का दोन दसलक्षण पर्वं घरात बसून राहिली.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. वाटायचं, एवढं जिवावरचं टळलं आणि ही ब्लाउजचं काय घेऊन बसली! तिला कुणाचा हात लावून घ्यायचा नव्हता, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण टेप लावल्याशिवाय माप घेता येत नाही आणि मापाशिवाय ब्लाउज होत नाही, हे माझं चाळीस वर्षांचं शास्त्र.

एका संध्याकाळी सुनेपुढं हे बोलले. ती काम थांबवून म्हणाली, "आई, मावशींना अंगावर घालून बघायला नको असेल तर आधी हिच्या अंगावर बघू या." हिच्या म्हणजे पडद्यावरच्या बाईच्या.

चातुर्मास लागायच्या आधी अक्का चार दिवस निपाणीला आली. तवंदी घाट उतरून आली की ती नेहमी आधी स्तवनिधीचं नाव काढते, तसं या वेळी काढलं नाही. सुनेनं तिला मापांची यादी लिहून दिली आणि शेजारी आकृती काढून दिली. गळ्याच्या खळगीपासून काखेपर्यंत डावीकडं किती, उजवीकडं किती. खांद्यापासून कमरेपर्यंत दोन्हीकडं किती. दंडाचा घेर दोन्हीकडचा. अक्का टेप घेऊन खोलीत गेली, आतून कडी लावली आणि दाराआडून आकडे सांगत गेली. सून दाराबाहेर जमिनीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मी जिन्यात उभी.

"उजवा दंड अकरा."

"डावा?"

थोडा वेळ काही नाही. मग, "साडेतेरा."

अडीच इंच! काखेतल्या गाठी काढल्या की काही जणींच्या त्या बाजूच्या हाताला सूज येते, हे मला ऐकून माहीत होतं. पण मी दोन वर्षं दोन्ही बाह्या अकराच्या दंडावर शिवत होते. घडीवर कापलेल्या बाह्या दुसऱ्या काय होणार? तिला काचत होतं आणि ती 'बरा झालाय' म्हणत होती. जिन्यात उभ्या उभ्या मला घाम फुटला.

सुनेनं आकडे घातले. मग तिनं पहिलं काय केलं, तर आरसा बंद केला. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप उमटतं, ती खूण काढून टाकली. डावी बाजू हातानं सपाट केली, दंड वाढवला. बाई वेगळीच दिसायला लागली. अक्का बाहेर येऊन मागं उभी राहिली. बघत होती. "तोंड काढू नको हं तिला," एवढंच म्हणाली. सुनेनं मान हलवली. मग तिनं जे विचारलं ते मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"मावशी, दोन्ही बाजू सारख्या दिसायला पाहिजेत का तुम्हाला?"

अक्का गप्प बसली. मला वाटलं, उठून जाते आता. पण ती म्हणाली, "घरात नकोत. घरात आहे तसं असू दे, हलकं वाटतं. बस्तीत जाताना पाहिजेत."

म्हणजे दोन तऱ्हेचे ब्लाउज! एक सपाट बाजू सपाटच ठेवून कापलेला. दुसरा आतून खिसा असलेला. मी सात ब्लाउज शिवले ते मला बघवावं म्हणून, की तिला घालता यावं म्हणून? उत्तर मला माहीत आहे.

पडद्यावर ब्लाउज तयार झाला. कुठं शिवण येणार ते सुनेनं त्यावर रेघेनं दाखवलं. त्या सॉफ्टवेअरमध्येही शिवणीला 'सीम'च म्हणतात. रेघांवर उसवला की सगळा ब्लाउज सपाट होऊन तुकड्यांत पसरतो. ज्या तुकड्याला सपाट व्हायला ताण पडतो, तिथला रंग निळ्याचा हिरवा-पिवळा होत जातो. मी चष्मा लावून बघितलं आणि म्हटलं, "इथं टक पाहिजे." तिनं तिथं टक दिला, रंग निळा झाला. त्या क्षणी मला कळलं, की हे यंत्र मला परकं नाही. ती तुकडे पूर्ण मापात कागदावर छापून घेऊन आली. मी प्रत्येकाला अर्धा इंच माया सोडली. डाव्या बाहीला एक इंच, कारण सूज कमी-जास्त होते.

आधी मांजरपाटाचा नमुना शिवला. घडी न घालता, एकेक बाजू स्वतंत्र कापून. हात सवयीनं दोनदा घडी घालायला गेला. अक्कानं तो खोलीत जाऊन घातला, बाहेर आली. उभी राहिली तर अगदी बरोबर. मग मी म्हटलं, "बस्तीत घंटा वाजवतीस तसा हात वर कर." तिनं डावा हात उचलला आणि सगळा ब्लाउज बाहीबरोबर वर चढला. ती कण्हली. हात पटकन खाली आला.

चूक दोघींची होती. पडद्यावरची बाई हात थोडे बाजूला धरून उभी असते, म्हणजे काखेत काम करता येतं. पण तिनं हात वर कधी केलाच नव्हता. ती श्वास घेत नाही, तिला काचत नाही, ती कण्हत नाही. सुनेनं मग तिच्या आतली हाडं फिरवून हात वर केला. काखेतल्या कापडाचं काय झालं ते आम्ही दोघींनी बघितलं. मला आजोबांची पैरण आठवली. त्यांच्या पैरणीला काखेत चौकोनी तुकडा असायचा. आजी त्याला चौबगला म्हणायची. त्यामुळं हात वर केला तरी पैरण वर चढायची नाही. ब्लाउजला चौबगला कुणी लावत नाही, फिटिंग बिघडतं म्हणून. आम्ही लावला, डाव्या काखेत फक्त, उरेब कापडाचा, त्याला थोडी ओढ असते म्हणून. पडद्यावर हात वर गेला, ब्लाउज जागच्या जागी.

खिशात काय भरायचं यावर मात्र सॉफ्टवेअरचा उपयोग नव्हता. कापूस हलका, वजन पाहिजे. मी म्हटलं, राळे भरू या नाहीतर मोहरी. अक्का म्हणाली, "त्यात पोरकिडे होतील. जीव पडलेलं अंगावर बांधून मी बस्तीत जाऊ?" तिचं खरंच होतं. शेवटी खडेबाजारातून बारीक काचेचे मणी आणले, होजियरीच्या मऊ पिशवीत शिवले, पिशवीभोवती थोडा कापूस दिला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून, अक्काला हातात धरून बरं वाटेल तेवढंच ठेवलं. पिशवी काढता येते, म्हणजे ब्लाउज धुता येतो. डॉक्टरांना विचारूनच ती वापरली. व्रण पूर्ण भरला होता, म्हणून ते हो म्हणाले.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून दोन गोष्टी सांगते. हुक पुढून असू द्यात, मागून असले की हात वळवताना त्रास होतो. अस्तर मऊ सुती घ्या आणि व्रणाच्या बाजूला शिवणीची कड आत न ठेवता बाहेर घ्या, म्हणजे घासत नाही. बाही सैल ठेवा. हाताची सूज वाढली तर शिंप्याकडं नाही, डॉक्टरांकडं जा.

मध्यंतरी वाचलं, की निफ्ट या संस्थेनं 'इंडियासाइझ' म्हणून पाहणी हाती घेतली. 6 शहरांतल्या 15 ते 65 वयाच्या 25,000 माणसांची मापं हात न लावता, यंत्रानं घ्यायची, म्हणजे आपल्या अंगाला आपल्या देशाचे साइझ मिळतील. चांगलं काम आहे. आपण अजून परदेशी आकड्यांचे कपडे घालून वर-खाली दुरुस्त करत बसतो. पण त्या तक्त्यात अक्काचं माप कुठल्या रकान्यात बसेल? आता सून कामाच्या बाहेरही वेळ काढून अशा आकृत्या करते. एक बाजू काढलेली, एक खांदा उतरलेला, पाठीला बाक आलेला. म्हणते, तयार माणसं सगळी धडधाकट आणि सारखीच असतात, कुणीतरी ही पण करून ठेवायला पाहिजेत. शेजारच्या दोघीतिघी माप सांगायला येऊन गेल्या. दाराआडूनच. कुणाचंही तोंड ती काढत नाही, नाव लिहीत नाही.

भाद्रपदात पंचमीला अक्काचा फोन आला. मी मशीनवर बसले होते.

"जाऊन आलो," ती म्हणाली.

"ब्लाउज वर चढला?"

"नाही. घंटा पण वाजवली."

मग म्हणाली, चौबगल्याच्या टोकाशी एक टाका निघालाय, येताना सुई-दोरा घेऊन ये. मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस धरली. दहा दिवस ती रोज बस्तीत गेली. शेवटच्या दिवशी मीही बरोबर होते. आधीचे सात ब्लाउज तिनं मला परत दिले. मी ते सगळे उसवले. कापड चांगलं होतं, एक इरकलीच्या जोडीचा खणही होता त्यात. ज्यातून निघण्यासारखं होतं त्यातून तिच्यासाठीच परत शिवते आहे. एकेक बाजू वेगळी आखून.